बेला नावाची गाय : होमस्टेडवर वाढलेल्या एका आजीचे प्रकरण

कॅनडातील एका शेतकऱ्याच्या मृत्युपत्राची हकीकत नेली मॅक्लंग यांनी १९१५ साली निघालेल्या आपल्या निबंधसंग्रहात सांगितली आहे. शेती मुलांच्या वाट्याला गेली आणि जन्मभर त्याच घरात राबलेल्या मार्था नावाच्या मुलीसाठी बापाने शंभर डॉलर व बेला नावाची एक गाय ठेवली. वयाच्या चाळिशीला, शिक्षण बेताचे आणि हाताला दुसरे कसब नाही अशा स्थितीत, शंभर डॉलर आणि एक गाय घेऊन बाईने जगाला तोंड द्यायचे, मग त्या गाईचे नाव बेला का असेना, असा टोला त्यांनी पुढे हाणला आहे. मार्थाची ही गोष्ट मॅक्लंगबाईंना सुचली नव्हती, ती त्यांना ठाऊक होती, असे मला वाटते. कारण ज्या घरात त्या वाढल्या त्या घरात तीन मुलगे आणि तीन मुली होत्या, आणि जमिनीच्या कायद्याच्या दृष्टीने त्यांतील निम्मी माणसे अस्तित्वातच नव्हती.

नेली मॅक्लंग यांची ओळख सहसा पुढाऱ्याची दिली जाते. कॅनडात स्त्रियांना मताधिकार मिळवून देणाऱ्या, आमदार झालेल्या, आणि स्त्री ही कायद्याच्या अर्थाने ‘व्यक्ती’ आहे हे लंडनच्या न्यायपीठाकडून वदवून घेणाऱ्या पाच जणींपैकी एक, ही ती ओळख. या लेखात मात्र त्यांच्याकडे एक प्रकरण म्हणून पाहायचे आहे : होमस्टेडवर, म्हणजे सरकारने वसाहतीसाठी जवळजवळ फुकट दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, वाढलेल्या मुलीने त्या जमिनीकडून काय घेतले, काय घ्यायचे नाकारले आणि काय तिच्या नजरेतून निसटले. त्यांच्या बालपणाचा मुख्य आधार म्हणजे त्यांचेच आत्मचरित्र. त्याचा पहिला खंड १९३५ साली आणि दुसरा १९४५ साली आला, आणि पहिला खंड लग्नापाशी थांबतो. साठी ओलांडलेल्या, सभा गाजवलेल्या बाईने लिहिलेल्या लहानपणाच्या आठवणींना थोडी धार लावलेली असणार, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. जमिनीचे कायदे, तारखा आणि निकाल मात्र सरकारी कागदांत आहेत आणि ते आठवणींशी बऱ्यापैकी जुळतात.

एकशे साठ एकरांचे गणित

माहेरच्या नेली मूनी यांचा जन्म २० ऑक्टोबर १८७३ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील चॅट्सवर्थ गावाजवळ झाला. वडील जॉन मूनी आयर्लंडहून आलेले, मेथडिस्ट पंथाचे. आई लेटिशिया स्कॉटलंडच्या डंडी शहरातली, प्रेस्बिटेरियन संस्कारातली, नवऱ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आणि घराचा कारभार घट्ट हातात ठेवणारी. सहा भावंडांत नेली सर्वांत धाकटी. ग्रे काउंटीतली त्यांची शेती दगडगोट्यांची होती, आणि हाताशी येत चाललेल्या मुलांना वाटून द्यावी एवढी जमीन तिथे मिळणे शक्य नव्हते. थोरला भाऊ विल १८७९ साली पश्चिमेकडे मॅनिटोबात जमीन पाहून आला आणि पुढच्या वर्षी सगळे कुटुंब निघाले : महासरोवरांतून बोटीने, मग आगगाडीने विनिपेगपर्यंत, आणि तिथून पुढे सुमारे १८० मैल बैलगाड्यांनी, सूरी नदीच्या खोऱ्यातल्या मिलफर्ड या वस्तीजवळ. नेली तेव्हा सात वर्षांची होत होती.

या स्थलांतरामागचे गणित समजल्याखेरीज पुढचे काही नीट उलगडत नाही. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याप्रमाणे दहा डॉलर भरून १६० एकरांवर नाव नोंदवता येई. त्या जमिनीवर राहण्याजोगे घर बांधायचे, ठरावीक एकर माळ नांगराखाली आणायचा, तीन वर्षे वस्ती करायची, आणि मग सरकार मालकीचा दाखला देई. मोजणी करणाऱ्यांनी सगळा प्रदेश पाटावरच्या सोंगट्यांच्या घरांसारखा आखला होता. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा तुकड्याचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक होमस्टेड. आठवा भाग आणि सव्विसाव्याचा बहुतेक हिस्सा हडसन्स बे कंपनीला, अकरावा आणि एकोणतिसावा शाळांच्या खर्चासाठी, उरलेले विषम क्रमांकाचे बहुतेक भाग रेल्वेसाठी राखून ठेवलेले. शेतकऱ्याला मिळत ते सम क्रमांकाचे.

कायद्याने वयात आलेल्या प्रत्येक मुलाला स्वतःचा दावा लावता येत असे. म्हणजे बाप आणि तीन मुलगे असलेल्या घराला, मुलगे मोठे होतील तसतशी, चार तुकड्यांची म्हणजे ६४० एकरांची आशा धरता येत होती. हे ऑन्टॅरिओच्या दगडांतून कधीच निघाले नसते. त्याच घरातल्या तीन मुलींच्या वाट्याला कायद्याने येणारी जमीन शून्य एकर होती, कारण कायदा पुरुषांसाठी होता आणि स्त्रीला दावा लावायचा तर ती एकटीने कुटुंब चालवणारी, बहुधा लेकुरवाळी विधवा, असावी लागे. शेजारच्या अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने अविवाहित स्त्रीला जमीन घेता येत होती आणि हजारो जणींनी ती घेतलीही. कॅनडाने मात्र ते दार बंद ठेवले, आणि १९३० साली सरकारी जमिनीचा ताबा पश्चिमेकडच्या प्रांतांकडे जाईपर्यंत ते केंद्राच्या पातळीवर उघडलेच नाही.

लग्न झालेल्या बाईची गत याहून चमत्कारिक होती. इंग्रजी कायद्याच्या जुन्या रिवाजानुसार विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशावर हयातभर हक्क असे. १८८५-८६ च्या सुमारास मॅनिटोबात आणि त्याच्या पश्चिमेच्या प्रदेशांत जमिनीची नोंदणी सुटसुटीत करण्याच्या नावाखाली हा हक्कच काढून टाकला गेला. त्यामुळे ज्या घराच्या ओंडक्यांच्या फटी बाईने स्वतः चिखलाने लिंपल्या, जिथे तिने मुले जन्माला घातली आणि काही पुरलीही, ते घर आणि भोवतालची जमीन नवरा तिला न विचारता विकू शके, गहाण टाकू शके किंवा मृत्युपत्राने भलत्याच्या नावे करू शके. आपल्याकडे ज्याला सातबाऱ्यावर नाव नसणे म्हणतात, त्याचाच हा प्रेअरीवरचा, म्हणजे पश्चिम कॅनडाच्या गवताळ माळावरचा, अवतार होता, एवढाच फरक की इथे मुळात असलेला थोडाफार हक्क नव्या कायद्याने पुसला होता.

आणखी एक नोंद याच जागी करायला हवी. ही जमीन रिकामी नव्हती. १८७१ साली झालेल्या पहिल्या दोन करारांनी दक्षिण मॅनिटोबातील मूळ रहिवाशांच्या प्रदेशांवर सरकारने आपला हक्क सांगितला होता, मेती, म्हणजे मूळ रहिवासी व युरोपीय यांच्या मिश्र वंशाच्या, लोकांना कबूल केलेली जमीन कागदांच्या गुंत्यात त्यांच्या हातून निसटत होती, आणि रानगव्यांचे कळप १८८० पर्यंत कॅनडाच्या माळावरून जवळपास नाहीसे झाले होते. मूनी कुटुंबाच्या बैलगाड्या निघाल्या त्या या सगळ्यानंतर.

गुरे, शाळा आणि शर्यत

पहिला हिवाळा या कुटुंबाने कसाबसा काढला. थोरली बहीण लिझी इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली होती. त्या वाटेने आलेल्या एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाने तिच्यावर उपचार केले आणि ती वाचली. डॉक्टर कोसभर अंतरावरही नव्हता. नेलीच्या पुढच्या आयुष्यात चर्चविषयी जो गाढ विश्वास दिसतो, आणि त्याच चर्चने स्त्रियांना धर्मोपदेशक होऊ द्यावे म्हणून त्या वर्षानुवर्षे ज्या भांडल्या, त्या दोन्हींचे मूळ मला त्या हिवाळ्यात सापडते. संकटात आलेला माणूस चर्चचा होता, आणि त्याला आत घेऊन दिवसरात्र आजाऱ्याचे अंथरूण सांभाळणारी माणसे घरातल्या बायका होत्या.

नव्या वस्तीत कुंपणे नव्हती. कुंपणाला लाकूड लागते किंवा तार लागते, आणि दोन्हींना पैसा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात गुरे उभ्या गव्हात शिरू नयेत म्हणून कुणीतरी दिवसभर त्यांच्या मागे राहावे लागे, आणि ते काम नेलीकडे आले. जनावरे चरत राहणार, सावलीला झाड नाही, डासांचा ताप, आणि एका गाईला हिरवे पीक दिसले की सगळा कळप तिच्या मागे. जिथे राखण करणाऱ्या पोराला थोडी तरी मजुरी द्यावी लागली असती, तिथे घरची मुलगी फुकट मिळत होती. या मुलीने गुरे राखली नसती तर कुंपण घालावे लागले असते, आणि कुंपणाला खर्च आला असता. तो वाचलेला खर्च जमिनीच्या किमतीत मिसळला, जमीन भावांच्या नावे होती. बेलाच्या गोष्टीतला राग इथून आला असावा असा माझा अंदाज आहे. लोणी, अंडी, कोंबड्या, भाजीचा वाफा, मळणीच्या वेळी येणाऱ्या टोळीचा दिवसातून अनेकदा होणारा स्वयंपाक, या सगळ्यालाही हेच लागू पडते. सुरुवातीच्या वर्षांत गव्हाला ऑगस्टमध्येच थंडीचा कडाका लागून सबंध पीक हलक्या प्रतीचे ठरे, आणि अशा वर्षी दुकानदाराची उधारी लोण्या-अंड्यांवर फिटत असे. पीक बुडाले तर ते पुरुषाचे नुकसान म्हणून मोजले जाई. लोण्यावर घर चालले तर ते कुठेच मोजले जात नसे.

१८८३ साली दोन मैलांवर नॉर्थफील्ड नावाची शाळा उघडली तेव्हा नेली दहा वर्षांची होत आली होती आणि तिला वाचता येत नव्हते. एवढ्या मोठ्या वयाची मुलगी पहिल्या पुस्तकापाशी बसणार, याची तिला भयंकर लाज वाटत होती. शिक्षक फ्रँक शुल्ट्झ यांनी तिला तसे वाटू दिले नाही. वर्षभरात ती वाचायला लागली, आणि मग थांबली नाही. याच शुल्ट्झगुरुजींनी १८८५ साली वायव्येकडे मेतींचा उठाव झाला तेव्हा वर्गात मेतींची बाजू मांडली. आसपासची सगळी घरे उठावाचा पुढारी रिएल याला फाशी द्या म्हणत असताना या मुलीने गुरुजींचे म्हणणे घरी येऊन सांगितले, आणि घरात वादळ झाले. लुई रिएलला १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिजायना येथे फाशी देण्यात आले. होमस्टेड कुणाच्या जमिनीवर उभे आहे हा प्रश्न तिच्यासमोर बाराव्या वर्षी आला होता, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे तो प्रश्न त्यांच्या सभांतून फारसा ऐकू आला नाही.

आता शर्यतीविषयी. मिलफर्डला उन्हाळी सहल भरे, आणि त्यात मुलांच्या धावण्याच्या शर्यती असत. नेलीला धावायचे होते. गुरांमागे धावून तिचे पाय तयार झालेले, आणि आपण जिंकू याची तिला खात्री होती. तिला सांगण्यात आले की मुलींनी धावायचे नसते, कारण धावताना झगा उडेल आणि पाय दिसतील. मुलीने उन्हाळाभर गुरांमागे माळावर धावावे. चार लोकांपुढे, बक्षिसासाठी मात्र नाही. आई लेटिशियाचाही या बाबतीत मुलीला पाठिंबा नव्हता, उलट बायकांनी पुढे पुढे करू नये हे तिचे ठाम मत होते. या बाईने घर उचलून १८० मैल बैलगाडीतून आणले होते, तरीही.

सासू निवडणारी सून

१८८९ साली विनिपेगच्या अध्यापन विद्यालयात पाच महिने काढून नेली सोळाव्या वर्षी मॅनिटूजवळच्या हेझल शाळेत शिक्षिका झाली. होमस्टेडवरच्या मुलीला घराबाहेर पडून स्वतःचा पगार घेण्याचा जवळजवळ हा एकच प्रतिष्ठित मार्ग होता, आणि वस्त्या वाढत असल्यामुळे शिक्षिकांची टंचाई होती. मॅनिटूच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाची पत्नी ॲनी मॅक्लंग यांच्याशी तिची इथे गाठ पडली. वूमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन या दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या त्या प्रांतातल्या पुढारी होत्या आणि मताधिकाराच्या अर्जावर सह्या गोळा करत घरोघर फिरत. ही बाई आपली सासू व्हावी असे नेलीने आधी ठरवले, आणि मुलगा नंतर पाहिला. निदान त्या स्वतः तसे सांगत. सुदैवाने मुलगा वेस्ली, औषधविक्रेता, पसंत पडला आणि २५ ऑगस्ट १८९६ रोजी लग्न झाले. लग्न केले म्हणून तिने आपल्या आवडी सोडाव्यात अशी त्याची अपेक्षा नव्हती, आणि हा शब्द त्याने जन्मभर पाळला.

मराठी वाचकाला या संघटनेचे नाव अगदीच परके नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांचा याच संघटनेशी आणि तिच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी निकटचा संबंध आला, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी प्रवासवृत्तात त्यांनी तिच्या कामाचे कौतुकाने वर्णन केले. दारूबंदीची चळवळ म्हणजे सोवळ्या बायकांचा उपद्व्याप, असा एक समज अजूनही आढळतो. प्रेअरीवर मात्र ती जमिनीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली होती : नवरा गुत्त्यात बसून शेत गहाण टाकू शकत होता आणि बायकोच्या सहीची त्याला गरज नव्हती.

नेलीबाईंना पाच मुले झाली, चार मुलगे आणि एक मुलगी. सासूबाईंनीच त्यांना एका कथास्पर्धेत भाग घ्यायला लावले, त्या कथेतून १९०८ साली पहिली कादंबरी आली आणि ती भरपूर खपली. पुस्तकाच्या वाचनांना लोक येऊ लागले, वाचनांतून व्याख्याने झाली. १९११ साली कुटुंब विनिपेगला आले आणि पुढच्या वर्षी तिथे राजकीय समानतेसाठी एक संघटना उभी राहिली.

मत, जमीन आणि ‘व्यक्ती’

२७ जानेवारी १९१४ रोजी स्त्रियांचे शिष्टमंडळ मॅनिटोबाचे सरकारप्रमुख रॉडमंड रॉब्लिन यांना भेटले. रॉब्लिन यांनी गोड शब्दांत नकार दिला. चांगल्या बायकांना मत नको असते, वगैरे. नेलीबाई त्यांचे हातवारे, छाती पुढे काढून टाचांवर डोलणे आणि आवाजाचे चढउतार बारकाईने पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी रात्री विनिपेगच्या वॉकर थिएटरमध्ये स्त्रियांनी लुटुपुटूची विधानसभा भरवली. तीत सत्ता बायकांची होती आणि पुरुष मताधिकाराचा अर्ज घेऊन हातगाडीसह आले होते. प्रमुखाच्या भूमिकेत नेलीबाईंनी रॉब्लिन यांचेच भाषण उलटे करून ऐकवले : पुरुष मतदानाहून उच्च कार्यासाठी जन्माला आला आहे, त्याने मत मागितले तर घरे मोडतील. प्रेक्षागृह हसून हसून बेजार झाले. शर्यतीत धावू न दिलेल्या मुलीने तोच युक्तिवाद, झगा उडण्याचाच, पुरुषांना लावून दाखवला होता.

१९१५ साली रॉब्लिन यांचे सरकार विधानभवनाच्या बांधकामातील भ्रष्टाचारामुळे पडले. नवे सरकार येताच पुन्हा सह्या जमवण्यात आल्या. नव्वदी ओलांडलेल्या अमीलिया बरिट या आजीबाईंनी एकटीने ४,२५० सह्या आणल्या. २८ जानेवारी १९१६ रोजी मॅनिटोबात स्त्रियांना मताधिकार मिळाला, कॅनडाच्या कुठल्याही प्रांतात पहिल्यांदा. नेलीबाई त्या दिवशी तिथे नव्हत्या. वेस्लीच्या नोकरीमुळे कुटुंब आधीच अल्बर्टात एडमंटनला गेले होते.

मताच्या जोडीने जमिनीचा प्रश्नही हलला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत ठोस परिणाम हाच आहे. सस्कॅचवानने १९१५ साली, अल्बर्टाने १९१७ साली आणि मॅनिटोबाने १९१८ साली कायदे करून राहते घर व त्याची जमीन बायकोच्या संमतीशिवाय विकण्यास वा गहाण ठेवण्यास मनाई केली. हे काम एका बाईचे नाही. शेतकरी संघटना आणि त्यांच्या वर्तमानपत्रांतल्या स्त्रीसंपादकांनी ते अनेक वर्षे लावून धरले होते. परंतु माळावरच्या बाईला मताचा उपयोग काय, याचे उत्तर तिला समजेल अशा भाषेत देणारा आवाज नेलीबाईंचा होता. त्यांची व्याख्याने अमूर्त हक्कांवर नसत. त्यांत गाई असत, गहाणखते असत, आणि मार्था असे.

१९२१ ते १९२६ त्या अल्बर्टाच्या विधानसभेत होत्या. २७ ऑगस्ट १९२७ रोजी एमिली मर्फी यांच्या पुढाकाराने नेलीबाई, लुईझ मकिनी, आयरीन पार्लबी आणि हेन्रिएटा म्यूर एडवर्ड्स यांनी अर्जावर सह्या केल्या. सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमण्यास पात्र ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येते का, असा त्याचा आशय होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९२८ रोजी नाही म्हणून सांगितले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८ ऑक्टोबर १९२९ रोजी लॉर्ड सँकी यांच्या मुखाने होय म्हटले, आणि स्त्रियांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणे हा रानटी काळाचा अवशेष असल्याचा शेराही मारला. मुंबई उच्च न्यायालयावरची अपिलेही तेव्हा याच न्यायपीठापुढे जात. पुढे हेच सँकी गोलमेज परिषदेच्या संघराज्य समितीचे अध्यक्ष झाले, जिच्यात डॉ. आंबेडकर बसले होते. पाच जणींपैकी एकीलाही मात्र हयातीत सिनेटची जागा मिळाली नाही.

जे हिशेबात आले नाही

इथपर्यंतची कहाणी शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी आहे, आणि म्हणूनच अपुरी आहे. १९१६ च्या अखेरीस, युद्ध चालू असताना, नेलीबाईंनी पंतप्रधान बोर्डन यांना सुचवले की आधी ब्रिटिश आणि कॅनडात जन्मलेल्या स्त्रियांनाच मत द्यावे. मुलगा आघाडीवर होता, आणि परक्या देशांतून आलेल्या बायका लढणाऱ्या मुलांच्या विरोधात मत देतील अशी त्यांना धास्ती वाटली. पत्रकार फ्रान्सिस बेनन यांनी शेतकऱ्यांच्या साप्ताहिकातून त्यांना खडसावले आणि नेलीबाईंनी सूचना मागे घेतली. मागे घेतली, हे त्यांच्या बाजूने जमा धरावे. युक्रेनमधून आलेल्या शेतकरी बाया शेजारच्याच होमस्टेडवर तीच गुरे राखत होत्या, हे त्यांना कळायला दुसऱ्या बाईने सांगावे लागले, हेही सोडून चालणार नाही.

मूळ रहिवासी स्त्रियांना केंद्रीय निवडणुकीत बिनशर्त मत १९६० साली मिळाले. बारा वर्षांच्या नेलीने घरात उभा केलेला वाद मोठेपणी त्यांनी व्यासपीठावर त्या ताकदीने नेला नाही.

सर्वांत जड नोंद १९२८ ची आहे. अल्बर्टाने त्या वर्षी सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. मानसिक दृष्ट्या दुर्बळ ठरवलेल्या माणसांना मुले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया करण्याची मुभा त्याने दिली. १९७२ साली तो रद्द होईपर्यंत सुमारे २,८०० माणसांवर त्याचा वापर झाला, आणि त्यांत स्त्रिया, गरीब, स्थलांतरित व मूळ रहिवासी यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होते. नेलीबाईंनी या विचाराचा पुरस्कार केला होता. त्या काळात अनेक सुधारक तसे बोलत, हे खरे. पण नुसत्या काळावर खापर फोडणे मला पटत नाही. होमस्टेडच्या कायद्यात मालकी मिळवण्याची अट होती ती ‘सुधारणे’ची : माळ मोडा, तण काढा, गहू पेरा, तीन वर्षांनी निरीक्षक येऊन सुधारणा मोजेल. ज्या घराने आपली लायकी अशी मोजून घेतली, त्या घरातल्या मुलीला माणसांच्या बाबतीतही तण आणि पीक असा भेद करणे फारसे अवघड गेले नसावे. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

नातवाचा निकाल

उतारवयात मॅक्लंग दांपत्य व्हिक्टोरियाजवळ समुद्रकाठी राहायला गेले. नेलीबाई बाग करत, वर्तमानपत्रांत स्तंभ लिहीत, राष्ट्रसंघाच्या सभेला १९३८ साली कॅनडाच्या प्रतिनिधी म्हणून जाऊन आल्या. थोरला मुलगा जॅक, जो युद्धावरून परत आला होता आणि पुढे सरकारी वकील झाला, १९४४ साली त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. १ सप्टेंबर १९५१ रोजी नेलीबाईंचे निधन झाले. मिलफर्ड तोवर नकाशावरून जवळपास पुसले गेले होते. रेल्वे त्याला वळसा घालून वावनीसावरून गेली आणि गाव तिकडे उठून गेले.

जॅकचा मुलगा जॉन वेस्ली मॅक्लंग अल्बर्टाच्या अपील न्यायालयाचा न्यायाधीश झाला. १९९८ साली त्याच्यापुढे एका सतरा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. एडमंटनमध्ये नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या या मुलीने मुलाखत घेणाऱ्याला वारंवार नको म्हटले होते, तरी तिच्या वागण्यातून संमती सूचित होते असे मानून खालच्या न्यायालयाने आरोपीला सोडले होते. अपील न्यायालयाने ती सुटका दोन विरुद्ध एक मतांनी कायम केली. बहुमताच्या बाजूने लिहिताना न्यायमूर्ती मॅक्लंग यांनी एक वाक्य घातले : तक्रारदार मुलगी काही बॉनेट आणि घेरदार क्रिनोलीन घालून आरोपीसमोर आली नव्हती. विरोधी मत देणाऱ्या मुख्य न्यायमूर्ती कॅथरीन फ्रेझर अल्बर्टाच्या त्या पदावरच्या पहिल्या स्त्री होत्या, आणि संमती सूचित होते ही कल्पनाच त्यांनी कायद्याबाहेरची ठरवली. २५ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल फिरवून आरोपीला दोषी ठरवले, आणि न्यायमूर्ती लरू-द्युबे यांनी क्रिनोलीनच्या वाक्याचा खरपूस समाचार घेतला. मॅक्लंग यांनी त्यावर एका राष्ट्रीय दैनिकाला चिडून पत्र लिहिले, मग माफी मागितली, आणि न्यायाधीशांच्या परिषदेने त्यांना समज दिली. आजीचे नाव त्या आठवड्यात प्रत्येक वर्तमानपत्रात होते.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला, प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाला सत्तर वर्षे पुरी झाली त्या दिवशी, अल्बर्टातल्याच कॅल्गरी शहरात पाच जणींच्या ब्राँझच्या पुतळ्यांचे अनावरण झाले. एमिली मर्फींच्या शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला बसता यावे म्हणून. नेलीबाई उभ्या आहेत, घोट्यापर्यंत पोचणाऱ्या झग्यात, आणि हातात उघडलेले वर्तमानपत्र आहे, ज्याच्या मथळ्यात स्त्रिया ‘व्यक्ती’ असल्याचे छापले आहे.